कोन कोठून मोजला?

वाचकहो, हा धडा दिशांचा आहे. दिशा आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. सूर्य उगवतो ती पूर्व, मावळतो ती पश्चिम. पण "तिकडे, त्या माडाच्या अंगाला" एवढे सांगून जमीन मोजता येत नाही, आणि समुद्रात होडीही नेता येत नाही. त्यासाठी दिशेला आकडा द्यावा लागतो. तो आकडा नीट वाचला नाही तर काय होते, ते आधी सांगतो. चूक माझीच आहे. मी जन्मभर शाळेत मुलांच्या चुका काढल्या. आता स्वतःची एक सांगायला हरकत नाही.

मामांचा कागद

माझे आजोळ गोव्यात, पेडणे तालुक्यात. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीजांच्या राज्यातून मुक्त झाला. त्याआधीचे जमिनीचे पुष्कळ कागद पोर्तुगीज भाषेत आहेत. आमच्या मामांकडे असाच एक जुना नकाशा होता. त्यात विहिरीपासून एक रेघ निघाली होती. तीच मामांची आणि शेजाऱ्यांची हद्द. रेघेची लांबी ८० मीटर. रेघेच्या टोकाला दगड दाखवला होता. पण तो दगड जागेवर कोणालाच दिसत नव्हता.

मामा मला म्हणाले, "तू शिकलेलो. बघ काय लिवलाहा ता."

मी चष्मा लावून पाहिले. रेघेवर 'आझिमुत' असा शब्द आणि ५० हा आकडा होता. आकड्याच्या डोक्यावर काहीतरी बारीक अक्षर होते. मला वाटले, हे अंशाचे चिन्ह असणार. मी होकायंत्र आणले, विहिरीवर उभा राहिलो, उत्तरेपासून ५० अंश मोजले आणि दोरी धरली. ८० मीटरवर खुंटी ठोकली. माझे काम झाले. मी चहा घेऊन घरी आलो.

त्या दोरीने शेजाऱ्यांचे पाच माड मामांच्या बाजूला आले.

शेजारी म्हणाले, "मास्तर भाचा आहे, तेव्हा मामाचेच मोजणार." हे ऐकून मामांना राग आला. दोन्ही घरे पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या गणपतीला जाणारी. ते जाणे-येणे दोन वर्षे बंद झाले. मी मात्र मनाशी म्हणत होतो, आकडा कधी खोटे बोलत नाही.

आकडा खोटे बोलत नव्हताच, बरं का! मी त्याला विचारायचे ते प्रश्न विचारले नव्हते. ते प्रश्न चार आहेत: कोठून? कोणीकडे? कशात? केव्हा? ते आता एकेक करून पाहू.

आडवा कोन म्हणजे काय?

अंगणात उभे राहा. तोंड उत्तरेकडे करा. आता जागा न सोडता उजवीकडे वळत जा. पूर्व येईल, मग दक्षिण, मग पश्चिम, आणि पुन्हा उत्तर. ही झाली एक पुरी गिरकी. या गिरकीचे ३६० सारखे भाग केले. एका भागाला अंश म्हणतात. उत्तरेपासून पूर्वेपर्यंत ९० अंश, दक्षिणेपर्यंत १८०, पश्चिमेपर्यंत २७०. अंशाचेही ६० भाग करतात. त्याला कला किंवा मिनिट म्हणतात.

तुम्ही जितके वळलात तितका आडवा कोन. माडाच्या शेंड्याकडे पाहायला मान वर केलीत तर तो उभा कोन. हद्द मोजणाऱ्याचे आणि होडी हाकणाऱ्याचे बहुतेक काम आडव्या कोनाचे असते.

एक अंश म्हणजे केवढा? हाताशी ठेवावा असा एक हिशेब आहे. "साठाला एक." ६० मीटर चालून गेल्यावर एका अंशाची चूक सुमारे १ मीटर होते. ६० मैलांवर ती सुमारे १ मैल होते. कोन तोच, पण जितके दूर जाल तितकी चूक मोठी.

पहिला प्रश्न: कोठून?

कोन मोजायचा तर शून्य कोठे धरायचे ते आधी ठरले पाहिजे. दुकानदार वजन करण्याआधी काटा शून्यावर आहे का पाहतो, तसेच हे. बहुधा शून्य उत्तरेला धरतात. पण गंमत अशी की उत्तर एक नाही. तीन उत्तरा आहेत.

पहिली खरी उत्तर. पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते त्याच्या उत्तर टोकाकडची ही दिशा. ध्रुवतारा या दिशेपासून एका अंशाहूनही कमी ढळतो. म्हणून रात्री त्याच्यावरून खरी उत्तर ओळखता येते.

दुसरी सुईची उत्तर. होकायंत्राची सुई पृथ्वीच्या चुंबकत्वाप्रमाणे वळते. ती अगदी खऱ्या उत्तरेकडे राहीलच असे नाही. खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांच्यातल्या कोनाला दिक्पात म्हणतात. इंग्रजीत डिक्लिनेशन, आणि खलाशांच्या इंग्रजीत व्हेरिएशन. पोर्तुगीजमध्ये देक्लिनासांव. आपल्या कोकणपट्टीत हा फरक आज थोडा आहे, अंशाभराच्या आसपास. जगात काही ठिकाणी मात्र तो दहा-वीस अंशांहूनही जास्त असतो.

तिसरी नकाशाची उत्तर. पृथ्वी गोल, कागद सपाट. म्हणून नकाशावर आखलेल्या उभ्या रेघा खऱ्या उत्तरेपासून जरा ढळतात. हा फरक बहुधा लहान असतो, पण चांगल्या नकाशावर तो लिहिलेला असतो.

सुई कशाने फसते, याचा शोध आपल्याच किनाऱ्याशी जोडलेला आहे. द जुआंव द काश्त्रु नावाचा एक पोर्तुगीज दर्यावर्दी १५३८ साली लिस्बनहून गोव्याला निघाला. पुढे हाच गोव्याचा गव्हर्नर झाला. १५४८ साली तो गोव्यातच वारला. पेद्रु नुनिश या गणितज्ञाने तयार केलेले सावलीचे एक यंत्र त्याच्याजवळ होते. सकाळी आणि दुपारनंतर सूर्य सारख्याच उंचीवर असताना सावली कोठे पडते, ते तो पाही. त्यावरून खरी उत्तर काढी आणि सुईशी ताडून बघे. वाटेत असे त्याने कितीतरी वेळा केले. जहाजावरची लोखंडी तोफ जवळ असली तर सुई बहकते, हे त्याच्या ध्यानात आले. पुढे गोव्याहून दीवकडे जाताना वसईच्या बाजूला सुई पुन्हा विचित्र वागू लागली. तेथल्या खडकांमुळे असे होत असावे, असा तर्क त्याने केला. आज आपल्याला ठाऊक आहे की खडकातही लोहाचा अंश असतो आणि तो सुईला ओढतो.

म्हणून लक्षात ठेवा. होकायंत्र पाहताना कमरेचा कोयता दूर ठेवा. मोटरसायकलला टेकून उभे राहू नका. विजेच्या तारेखाली दिशा पाहू नका. मोबाइलमधले होकायंत्रही याच कारणांनी फसते.

काश्त्रुने सावली वापरली, ती रीत आपल्याकडेही फार जुनी. शुल्बसूत्रांत वेदी बांधण्यासाठी खुंटीच्या सावलीवरून पूर्व-पश्चिम काढण्याची कृती दिली आहे. त्या खुंटीला शंकू म्हणतात. ती कृती धड्याच्या शेवटी दिली आहे. तिला पैसा लागत नाही. उन्हाचा एक दिवस पुरे.

दुसरा प्रश्न: कोणीकडे?

शून्य ठरले. आता कोणत्या बाजूने मोजायचे?

एक रीत अशी: उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यासारखे उजवीकडे मोजत जायचे, ० पासून ३६० पर्यंत. या रीतीत ईशान्य ४५, आग्नेय १३५, नैऋत्य २२५ आणि वायव्य ३१५. या कोनाला मराठीत दिगंश म्हणतात. इंग्रजीत ॲझिमथ आणि पोर्तुगीजमध्ये आझिमुत. दोन्ही शब्द एकसारखे कसे? कारण दोघांनीही तो अरबीतून घेतला. मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'दिशा' असाच आहे. आपणही पोर्तुगीजांकडून पगार, चावी, बटाटा, लिलाव, घमेले असे शब्द घेतलेच की. शब्द बाजारात येतात तसे जहाजावरूनही येतात.

दुसरी रीत अशी: उत्तर किंवा दक्षिण, जी जवळ असेल तेथून पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे मोजायचे. हा कोन ९० च्या वर कधी जात नाही. उदाहरणार्थ, "उत्तरेकडून ३० अंश पश्चिमेला". पहिल्या रीतीने हाच कोन ३३० होतो. इंग्रजीत दोन्ही रीतींना बेअरिंग म्हणतात. म्हणून नुसते "बेअरिंग ३०" असे वाचले तर थांबा. सोबत दिशांची अक्षरे आहेत का, ते पाहा. अक्षरे सोडून दिली तर हद्द वायव्येऐवजी ईशान्येला जाईल.

पोर्तुगीजमध्ये 'रूमु' हा शब्द असाच जपून वाचावा लागतो. खलाशी गलबताच्या मार्गाच्या दिशेला रूमु म्हणतात. ब्राझीलमध्येही पोर्तुगीजच बोलतात, पण तेथले मोजणीदार वर सांगितलेल्या दुसऱ्या रीतीच्या, म्हणजे ९० च्या आतल्या कोनाला रूमु म्हणतात. शब्द एक, देश दोन, अर्थ दोन.

जुन्या कागदांत पुष्कळदा आकडा नसतोच. चतुःसीमा शब्दांनी लिहिलेली असते. पोर्तुगीज कागदात नॉर्त म्हणजे उत्तर आणि सूल म्हणजे दक्षिण. पूर्वेला नाशेंत म्हणतात, म्हणजे उगवती. पश्चिमेला पुएंत म्हणतात, म्हणजे मावळती. आपणही उगवत-मावळत म्हणतोच. माणूस कोणत्याही देशाचा असो, दिशा तो सूर्यावरूनच शिकला.

समुद्रावर हाच प्रश्न

जमिनीवर चूक झाली तर भांडण होते. समुद्रावर चूक झाली तर जीव जातो. म्हणून मच्छीमार बांधवांनी हा भाग दोनदा वाचावा.

समुद्रावर कोन दोन प्रकारे सांगतात. एक उत्तरेपासून, दुसरा होडीच्या नाळेपासून. समजा, तांडेलाने नाळ ईशान्येला, म्हणजे ४५ अंशांवर धरली आहे. त्याला दहा मैलांवर, नाळेच्या उजवीकडे ३० अंशांवर एक बंद पडलेली होडी दिसते. उत्तरेपासून मोजले तर ती ४५ अधिक ३०, म्हणजे ७५ अंशांवर आहे. तांडेल बिनतारी यंत्रावर नुसते "तीस अंशांवर" म्हणाला, तर ऐकणारा उत्तरेपासून ३० धरील. तो शोधायला जाईल ती जागा खऱ्या जागेपासून साडेसात मैलांहून अधिक दूर असेल. म्हणून सांगावे, "उत्तरेपासून शून्य सात पाच." खलाशी तीन आकडे बोलतात ते याचसाठी. पाच आणि पन्नास यांचा घोळ होत नाही.

आणखी एक नियम पाठच करा. दुसरे जहाज आपल्याकडे येताना दिसले, तर होकायंत्रावर त्याचा कोन पाहा. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा पाहा. कोन बदलत असेल तर बहुधा ते पुढून किंवा मागून निघून जाईल. कोन तोच राहिला आणि जहाज मोठे मोठे दिसू लागले, तर टक्कर होणार. लगेच नियमाप्रमाणे बाजू द्या. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतही हीच खूण सांगितली आहे. जहाज फार मोठे किंवा फार जवळ असेल तर कोन बदलत असतानाही धोका असतो, हेही विसरू नका.

आपण कोठे आहोत हेही कोनावरून कळते. किनाऱ्यावरच्या दोन ओळखीच्या खुणा घ्या. एक दीपस्तंभ, एक देवळाचा कळस. दोघांचे कोन घ्या. नकाशावर त्या दोन खुणांतून त्या त्या कोनाच्या रेघा ओढा. रेघा जेथे छेदतात तेथे तुमची होडी. आता उपग्रहावरून जागा दाखवणारे यंत्र पुष्कळ होड्यांवर असते. पण यंत्राची वीज संपते, पाणी लागते. मग कोनच कामी येतो.

तिसरा प्रश्न: कशात?

दूध लिटरने मोजतात, कापड मीटरने. कोनालाही मापे अनेक आहेत.

आपले नेहमीचे माप अंश. इंग्रजीत डिग्री आणि पोर्तुगीजमध्ये ग्राव. गिरकीचे ३६० भाग.

जुन्या खलाशांचे माप वेगळे होते. त्यांनी गिरकीचे ३२ भाग केले. एक भाग सव्वाअकरा अंशांचा. इंग्रज त्याला पॉइंट म्हणत, पोर्तुगीज क्वार्त. हे ३२ भाग दाखवणारे चक्र होकायंत्राच्या तबकडीवर काढलेले असे. पोर्तुगीजमध्ये त्याला रोझ दुश व्हेंतुश म्हणतात. म्हणजे वाऱ्यांचे गुलाब. ज्याने हे नाव दिले तो शिडाने होडी चालवणारा असणार!

तिसरे माप युरोपातल्या मोजणीदारांचे. फ्रान्स, पोर्तुगाल अशा देशांतील मोजणीदार गिरकीचे ४०० भाग करीत आले. काटकोनाचे १०० भाग होतात, म्हणून हिशेब सोपा. या भागाला पोर्तुगीजमध्ये ग्रादु म्हणतात. ग्राव आणि ग्रादु! कानाला सारखे, मापाला वेगळे. ग्रादुचे अंश करायचे तर ९ ने गुणून १० ने भागावे. १०० ग्रादु म्हणजे ९० अंश.

मग ५० ग्रादु म्हणजे किती? तुम्हीच काढा. माझी चूक तुमच्या हाती येईल.

चौथा प्रश्न: केव्हा?

सुईची उत्तर वर्षांगणिक हळूहळू सरकते. लंडनमध्ये १५८० साली सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे ११ अंश पूर्वेला होती. १८२० च्या सुमारास ती सुमारे २४ अंश पश्चिमेला गेली. म्हणजे अडीचशे वर्षांत ३५ अंश फिरली. २०१९ साली लंडनजवळच्या ग्रीनिचला ती पुन्हा खऱ्या उत्तरेवर आली. तेव्हा जुन्या कागदावर सुईने मोजलेला कोन असेल तर तो कोणत्या वर्षी मोजला, हे पाहिलेच पाहिजे.

सुईची ही चाल रोज टिपून ठेवण्याचे काम आपल्या महाराष्ट्रात फार वर्षे चालू आहे. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून ते सुरू झाले. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले. विजेमुळे सुई बहकणार. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा काढली. तेथे सुईजवळ लोखंड येऊ नये याची काळजी घेतात. समुद्रकाठच्या त्या शांत आवारात अजूनही ती नोंद होते.

कोनावरून अंतर

कोन नीट मोजला तर न चालता अंतर कळते. इंग्रज अधिकारी विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ साडेसात मैलांची एक रेघ साखळीने काळजीपूर्वक मोजली. रेघेच्या दोन टोकांवरून दूरच्या एका खुणेचे कोन घेतले. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की बाकीच्या बाजू गणिताने निघतात. मग त्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा. असे करत करत त्रिकोणांची माळ पुढे हिमालयापर्यंत गेली. कोन मोजायला त्याच्याकडे थिओडोलाइट नावाचे यंत्र होते. ते इतके जड होते की ते हलवायला माणसांची टोळी लागे.

आपल्या गावचे जुने नकाशे मात्र शंकू आणि साखळीने झाले. हा मोजणीचा शंकू म्हणजे काटकोन दाखवणारे साधे साधन. ३३ फुटांची एक साखळी. साखळी लांब, साखळी रुंद, तो एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आता मोजणीला उपग्रहाशी बोलणारे यंत्र येते. यंत्र बदलले तरी आपले चार प्रश्न बदलले नाहीत.

मामांच्या कागदाचे काय झाले?

दोन वर्षांनी एका लग्नात मला एक वृद्ध गृहस्थ भेटले. पोर्तुगीज अमदानीत ते पोरवयात एका मोजणीदाराच्या हाताखाली नकाशे उतरवून घेत. त्यांना मी तो कागद नेऊन दाखवला. त्यांनी आकड्यावरचे ते बारीक अक्षर पाहिले आणि हसून म्हणाले, "मास्तर, हो अंश न्हय. हो ग्रादु."

मला घाम फुटला. ५० ग्रादु म्हणजे ४५ अंश. म्हणजे सरळ ईशान्य दिशा. मी पाच अंश जास्त मोजले होते. ८० मीटरवर त्याचे सुमारे ७ मीटर झाले. विहिरीपासून उघडत गेलेला तो त्रिकोण सुमारे पावणेतीन गुंठ्यांचा होता. ते पाच माड त्यातच उभे होते.

दुसऱ्या दिवशी मी आधी शेजाऱ्यांच्या घरी गेलो. म्हटले, "चूक माझी आहे. तुम्ही समोर उभे राहा, मी पुन्हा मोजतो." ते आले. मामाही आले, पण विहिरीच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. या वेळी मी कोयते, टिकाव सगळे लांब ठेवायला लावले. खरी उत्तर सावलीवरून आदल्या दिवशीच काढून ठेवली होती. तिच्यापासून ४५ अंशांवर दोरी धरली. ८० मीटरवर पाचोळा आणि माती उकरली. वीतभर खाली दगड लागला.

कोणी काही बोलले नाही. शेजाऱ्यांनीच दगडावरची माती हाताने पुसली. मग मामा विहिरीला वळसा घालून आले आणि म्हणाले, "चल, घरी चाय घी."

मी हात जोडले. शेजारी म्हणाले, "मास्तर, तुम्ही येऊन सांगितलंत, तेवढं पुरे." त्या वर्षी दोन्ही घरची माणसे पुन्हा गणपतीला एकमेकांकडे गेली.

वाचकहो, वाचता येणे म्हणजे नुसते अक्षर ओळखणे नव्हे. मला अक्षर ओळखता येत होते, आकडाही येत होता. पण कागदाला प्रश्न विचारायचा धीर नव्हता. "मला कळले नाही" असे म्हणायची लाज वाटली. त्या लाजेची किंमत दोन घरांनी दिली. तुम्ही तसे करू नका. मोजणीदार आला तर त्याला नमस्कार करा, पाणी द्या, आणि विचारा: साहेब, कोन कोठून मोजला? कोणीकडे मोजला? कशात मोजला? केव्हा मोजला? चांगला मोजणीदार रागावणार नाही. तो आनंदाने सांगेल.

करून पाहा

१. सावलीवरून उत्तर. सपाट जागेत एक सरळ काठी उभी रोवा. काठीला सैल दोरी बांधून भोवती वर्तुळ काढा. सकाळी सावली लांब असते. ती आखडत येऊन तिचे टोक वर्तुळाला लागेल, तेथे खूण करा. दुपारनंतर सावली पुन्हा वाढेल. टोक वर्तुळाला लागेल तेथे दुसरी खूण करा. दोन खुणा जोडा. ही रेघ पूर्व-पश्चिम. तिचा मध्य काढून तो काठीच्या बुंध्याशी जोडा. ही रेघ उत्तर-दक्षिण. उगवतीकडे तोंड करा. डावा हात उत्तरेकडे येईल.

२. ओढ्याची रुंदी. पलीकडच्या काठावरचे एक झाड समोर धरा. अलीकडे खुंटी ठोका. आता काठाने काटकोनात सरळ चालत जा. एक चौकोनी कागद तिरका दुमडा. त्याचा टोकाकडचा कोन ४५ अंशांचा असतो. कागदाची एक कड काठाच्या रेघेवर आणि दुमड झाडाच्या रोखाने आली की थांबा. खुंटीपासून जितके चाललात तितकी ओढ्याची रुंदी.

शब्द लक्षात ठेवा

दिगंश: उत्तरेपासून उजवीकडे मोजलेला कोन. इंग्रजी ॲझिमथ, पोर्तुगीज आझिमुत.
होकायंत्र: दिशा दाखवणारे यंत्र. इंग्रजी कंपास. पोर्तुगीज बुसोला. खलाशी त्याला आगुल्य, म्हणजे सुई, असेही म्हणतात.
दिक्पात: खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांतला कोन. इंग्रजी डिक्लिनेशन, पोर्तुगीज देक्लिनासांव.
नाळ: होडीचे पुढचे टोक. इंग्रजी बो, पोर्तुगीज प्रोआ.
अंश: गिरकीचा ३६० वा भाग. इंग्रजी डिग्री, पोर्तुगीज ग्राव.
ग्रादु: गिरकीचा ४०० वा भाग.

प्रश्न

१. उत्तरा किती आणि कोणत्या?
२. "उत्तरेकडून ४० अंश पश्चिमेला" हा कोन ० ते ३६० च्या रीतीने किती होईल?
३. २०० ग्रादु म्हणजे किती अंश? ती कोणती दिशा?
४. नाळ ९० अंशांवर आहे. दिवा नाळेच्या डावीकडे २० अंशांवर दिसतो. उत्तरेपासून तो किती अंशांवर?
५. तुमच्या घरी जमिनीचा जुना नकाशा असेल तर तो काढा. त्यावर उत्तर कशी दाखवली आहे आणि साल कोणते आहे, ते वहीत लिहा. कळले नाही तर तसेच लिहा: "कळले नाही." मग जाणत्या माणसाला विचारा.